इमारत, इंग्रजी आणि इतर गैरसमज

मुंबई-पुण्यातली किंवा वसईतली एखादी कॅथलिक शाळा शतक-दीड शतकाच्या उंबरठ्यावर आली की दोन कामं हमखास निघतात. एक स्मरणिका आणि दुसरं पुढच्या पंधरा-वीस वर्षांचा आराखडा. बहुधा दोन्हींची समिती एकच असते. स्मरणिकेत पानोपानी वारसा असतो. आराखड्यात डिजिटल फळे, लिफ्ट आणि कृत्रिम गवताचं मैदान. या दोन कागदांचा एकमेकांशी संबंध काय, असं विचारलं तर माजी विद्यार्थी एक उत्तर देतात, पालक दुसरं, आणि शाळेच्या फाटकाबाहेरची मंडळी तिसरंच. यातली बरीच उत्तरं ऐकीव असतात. ती तपासून बघायला येशूसंघाच्या, म्हणजे जेझुइटांच्या, शाळा सोयीच्या पडतात. त्यांची कागदपत्रं भरपूर आहेत, आणि त्यांच्या भारतातल्या शिक्षणकार्याची सुरुवात आपल्या शेजारी, गोव्यातच झाली.

गैरसमज : वारसा म्हणजे जुनी इमारत

धोबी तलावचं सेंट झेवियर्स (१८६९), पुण्याचं सेंट व्हिन्सेंट्स (१८६७), वांद्र्याचं सेंट स्टॅनिस्लॉस (१८६३). यांच्या माजी विद्यार्थ्यांना बोलतं करा, पहिल्या पाच मिनिटांत दगडी कमानी, लाकडी जिने आणि घंटा येणारच. त्यामुळे पुनर्बांधणीचा नुसता विषय निघाला तरी वारसा बुडाल्याची हाकाटी सुरू होते. चांगल्या इमारती जपाव्यात, त्याबद्दल वाद नाही. पण येशूसंघाचा शैक्षणिक इतिहास हा बराचसा इमारती गमावण्याचाच इतिहास आहे.

जुन्या गोव्यातलं सेंट पॉल महाविद्यालय १५४०च्या दशकात येशूसंघीयांच्या हाती आलं. अॅबिसिनियाला निघालेला छापखाना १५५६ मध्ये गोव्यात उतरला तो तिथेच राहिला, आणि याच महाविद्यालयात भारतातलं पहिलं मुद्रण झालं. आज त्या वास्तूच्या दर्शनी भागाची कमान तेवढी उभी आहे. १७५९ मध्ये पोर्तुगालने येशूसंघीयांना आपल्या सगळ्या मुलखातून हाकललं, त्यात गोवाही आला. १७७३ मध्ये खुद्द पोप क्लेमेंट चौदावे यांनी संघच बरखास्त केला. जगभरातल्या सातशेहून अधिक शाळा-महाविद्यालयं बंद पडली किंवा दुसऱ्यांच्या ताब्यात गेली. १८१४ मध्ये संघ पुन्हा उभा राहिला तेव्हा एकेचाळीस वर्षं उलटून गेली होती. इमारती गेल्या होत्या आणि शिकवणारी पिढीही संपत आली होती.

मग उरलं काय? एक पुस्तक उरलं, आणि त्यामागची काम करण्याची रीत. ‘रातिओ स्तुदिओरुम’ ही १५९९ ची अध्यापनसंहिता. कोणत्या इयत्तेत काय शिकवायचं, मुलांकडून काय करून घ्यायचं, शिक्षकांवर देखरेख कोणी ठेवायची, सगळं त्यात होतं. तिच्या जन्माची हकीकत मला तिच्यातल्या मजकुराइतकीच महत्त्वाची वाटते. १५८६ मध्ये पहिला मसुदा निघाला आणि अभिप्रायासाठी प्रांतोप्रांती गेला. शिक्षकांनी हरकती घेतल्या. १५९१ मध्ये दुसरा मसुदा आला, तोही प्रत्यक्ष वापरून पाहिला गेला, आणि मग कुठे तिसरा पक्का झाला. पुढे १८३२ मध्ये तीच संहिता पुन्हा सुधारली गेली. लॅटिनच्या जोडीला देशी भाषांना आणि विज्ञान-गणिताला अधिक जागा मिळाली. म्हणजे आधी मसुदा, मग वापर, मग हरकती आणि शेवटी दुरुस्ती, हीच यांची सगळ्यात जुनी परंपरा. ‘आमच्याकडे हे असंच चालत आलंय’ असं म्हणून ज्या बैठकीत नवा प्रस्ताव बाजूला सारला जातो, ती बैठक परंपरा पाळत नसते.

मुंबईचाही अनुभव याहून वेगळा नाही. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात इथल्या शाळा जर्मन प्रांताच्या येशूसंघीयांनी उभ्या केल्या. त्यांतल्या कित्येकांच्या मागे बिस्मार्कच्या राजवटीने सोसायला लावलेली हद्दपारी होती. पहिलं महायुद्ध सुरू झालं आणि हेच शिक्षक ब्रिटिश सरकारच्या लेखी शत्रुराष्ट्राचे नागरिक ठरले. त्यांना नजरकैदेत ठेवलं गेलं आणि बहुतेकांना मायदेशी पाठवून दिलं गेलं. इमारती होत्या तिथेच होत्या, माणसंच नव्हती. विशीच्या दशकात स्पेनहून दुसरी तुकडी आली. तिच्यातल्या हेन्री हेरास यांनी १९२६ मध्ये झेवियर्स महाविद्यालयात भारतीय इतिहासाच्या संशोधनासाठी संस्था काढली. जर्मनांनी जे सोडलं तेच पुढे चालवायचं, असं हेरासनी मानलं असतं तर ही संस्था झालीच नसती.

गैरसमज : कॅथलिक शाळा म्हणजे इंग्रजी

हा समज पालकांचा. आणि खरं सांगायचं तर शाळांनीही तो मोडायची फारशी घाई केलेली नाही. प्रवेशाच्या रांगा त्याच्याच जोरावर लागतात.

पण फादर थॉमस स्टीफन्स इंग्लंडचे असूनही १५७९ मध्ये गोव्यात आल्यावर इथल्या भाषा शिकले, साष्टीत आयुष्य काढलं आणि १६१६ मध्ये ‘ख्रिस्तपुराण’ छापून घेतलं ते मराठीत, ओवीत. देवनागरीचे खिळे नव्हते म्हणून रोमन लिपीत छापलं. कोकणीचं व्याकरणही त्यांनी लिहिलं. ते त्यांच्या मृत्यूनंतर १६४० मध्ये निघालं. आज संगमनेरची ज्ञानमाता, तलासरीचं आदिवासी मुलांमधलं काम, वसईच्या धर्मग्रामांतल्या मराठी शाळा हे सगळं त्याच वाटेवरचं आहे. ज्या वसईतून अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाला फादर फ्रान्सिस दिब्रिटोंसारखा अध्यक्ष मिळाला, तिथल्या कॅथलिकांना मराठी परकी आहे असं म्हणायला मोठं धाडस लागेल.

मग इंग्रजी आली कुठून? मुंबई-पुण्यात लष्करातले आयरिश कॅथलिक शिपाई होते, त्यांची मुलं, अँग्लो-इंडियन कुटुंबं, अनाथ मुलं. वांद्र्याच्या सेंट स्टॅनिस्लॉसची सुरुवात अनाथाश्रम म्हणूनच झाली. त्या मुलांची गरज इंग्रजी होती. पुढे ती गरज साऱ्या मध्यमवर्गाची झाली आणि मूळ कारण विसरलं गेलं.

भाषेच्या बाबतीत वारसा किती अवघड सल्लागार ठरतो, ते गोव्याने पाहिलं आहे. १९९० मध्ये गोवा सरकारने प्राथमिक शाळांना अनुदान फक्त स्थानिक भाषांच्या माध्यमाला द्यायचं ठरवलं. धर्मप्रांताच्या शाळा तोवर इंग्रजीत चालत होत्या. त्यांनी माध्यम बदलून कोकणी केलं, आणि तेही देवनागरीत, जरी गोव्यातले कॅथलिक पिढ्यानपिढ्या कोकणी रोमन लिपीत लिहीत आले आहेत. निर्णयामागे अनुदान होतंच, पण स्टीफन्सचं नावही घेतलं जाऊ शकत होतं. नंतरच्या वीस वर्षांत पालकांचा इंग्रजीसाठीचा रेटा वाढत गेला आणि २०११ मध्ये सरकारने इंग्रजी प्राथमिक शाळांनाही अनुदान खुलं केलं. धर्मप्रांताच्या शाळा पुन्हा इंग्रजीकडे वळल्या. २०१२ नंतरच्या सरकारने ते अनुदान चालू ठेवलं, आणि त्यावरून गोव्यातल्या रा. स्व. संघातही फूट पडली. या सगळ्या घोळात दोन्ही बाजूंना वारसा आपल्याच बाजूला असल्याचं सांगता येत होतं. एकाने स्टीफन्स दाखवला तर दुसरा म्हणणार, स्थलांतर करून पोट भरणाऱ्या कुटुंबांच्या मुलांना उपयोगी पडेल ते शिकवणं हाही आमचा वारसाच.

माझं मत विचाराल तर दोघांचंही अर्धं बरोबर आहे. मुलाला आज कशाची गरज आहे, हा प्रश्न विचारणं हा वारसा. सोळाव्या किंवा एकोणिसाव्या शतकात त्याचं जे उत्तर निघालं ते नव्हे. वसईतल्या मराठी वर्गाचा पट घसरतोय म्हणून तो बंद करून इंग्रजी तुकडी वाढवायची की मराठी माध्यम ठेवून इंग्रजी विषय दणकट करायचा, हे पट बघून आणि पालकांशी बोलून ठरवावं लागेल. मात्र पहिला पर्याय निवडणाऱ्यांनी त्याला परंपरेचं नाव देऊ नये.

गैरसमज : या शाळा धर्मांतरासाठीच असतात

सोळाव्या शतकातल्या गोव्यात सेंट पॉल महाविद्यालयाचा हेतू स्थानिक मुलांना ख्रिस्ती धर्मकार्यासाठी तयार करणं हाच होता. ते लपवण्यात अर्थ नाही. त्याच शहरात १५६० मध्ये इन्क्विझिशन सुरू झालं, हेही त्या काळाचंच अंग. वारशाची यादी करताना ही पानं फाडून टाकणारी शाळा प्रामाणिक नाही. पण त्या पानांवरून आजच्या शाळेचा निवाडा करणंही तितकंच चुकीचं.

मधल्या काळात चर्चनेच आपला विचार बदलला, आणि त्याची तारीख आहे. २८ ऑक्टोबर १९६५. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेत त्या एकाच दिवशी दोन जाहीरनामे निघाले. पहिला ख्रिस्ती शिक्षणाविषयीचा. दुसरा ‘नोस्त्रा एताते’, इतर धर्मांविषयीचा. त्यात हिंदू, बौद्ध, मुस्लिम आणि यहुदी धर्मांबद्दल आदराने बोललं आहे आणि त्यांच्यात जे खरं व पवित्र आहे ते चर्च नाकारत नाही, अशी भूमिका आहे. दोन्ही एका दिवशी निघाले हा योगायोग असेल, पण आराखडा लिहिणाऱ्याने दोन्ही एकत्र वाचावेत.

कायद्याची बाजू स्पष्ट आहे. राज्यघटनेच्या कलम २८(३) नुसार मान्यताप्राप्त किंवा अनुदानित शाळेत कुणालाही त्याच्या, आणि तो अज्ञान असेल तर पालकाच्या, संमतीशिवाय धर्मशिक्षण देता येत नाही. म्हणूनच कॅथलिक मुलांसाठी धर्मशिक्षणाचा तास आणि इतरांसाठी त्याच वेळी मूल्यशिक्षण, अशी विभागणी बहुतेक ठिकाणी असते. आकडाही बोलका आहे. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रातले ख्रिस्ती एक टक्क्याहून कमी निघाले. दीडशे वर्षांत लाखो बिगरख्रिस्ती मुलं या शाळांतून बाहेर पडली. त्या शाळांचं खरं काम धर्मांतर असेल तर त्यांचा निकाल राज्यात सगळ्यात वाईट म्हणावा लागेल.

याच्या उलटा एक गैरसमज आतल्या गोटात आहे, आणि तो मला जास्त काळजीचा वाटतो. वातावरण तापलं की काही व्यवस्थापनांना वाटतं, भविष्य सुरक्षित करायचं तर कॅथलिक खुणा कमी करत न्याव्यात, प्रार्थना मिळमिळीत करावी, नाताळ उरकून टाकावा. भारतातल्या कॅथलिक बिशपांच्या परिषदेने २०२४ मध्ये शाळांना ज्या सूचना दिल्या त्यांचा रोख असा नाही. इतर धर्मांच्या मुलांवर ख्रिस्ती प्रथा लादू नका, परिपाठात संविधानाची उद्देशिका वाचा, सर्व धर्मांच्या मुलांसाठी प्रार्थनेची खोली ठेवा, असं त्या सांगतात. त्यात दुसऱ्याला जागा करून द्यायला सांगितलं आहे, स्वतः अदृश्य व्हायला नव्हे.

गैरसमज : ‘सेंट’ किंवा ‘कॉन्व्हेंट’ म्हणजे कॅथलिक

हा चटकन उरकू. पुण्याचं बिशप्स आणि मुंबईचं कॅथीड्रल अँड जॉन कॉनन यांचं मूळ अँग्लिकन आहे, कॅथलिक नाही. आणि तालुक्याच्या गावी पत्र्याच्या शेडवर ‘कॉन्व्हेंट स्कूल’ची पाटी लावणाऱ्याने धर्मभगिनी बहुधा चित्रपटातच पाहिलेली असते. त्यांच्या आराखड्याला त्यांचा वारसा, आपल्याला इथे त्याचं काम नाही.

गैरसमज : धर्मगुरू आणि धर्मभगिनी गेल्या की शाळेचा आत्मा गेला

माजी विद्यार्थ्यांच्या मेळाव्यात हे वाक्य हमखास ऐकू येतं. आमच्या वेळी दहा फादर होते, आता एक आहे, तोही कार्यालयात. निरीक्षण खोटं नाही. शहरी भागांत धर्मगुरू आणि धर्मभगिनी होऊ इच्छिणाऱ्यांची संख्या घटली आहे आणि पुढच्या वीस वर्षांचा कोणताही आराखडा ते गृहीत धरूनच करावा लागेल.

पण निष्कर्ष चुकतो. मुंबईच्या झेवियर्स महाविद्यालयात २०१५ मध्ये आग्नेलो मिनेझिस हे पहिले प्रापंचिक, म्हणजे संन्यस्त नसलेले, प्राचार्य झाले. त्यांच्यानंतर आलेले राजेंद्र शिंदे तर ख्रिस्तीही नव्हते. शिंदे वनस्पतिशास्त्राचे, आणि तिथल्या ब्लॅटर हर्बेरियमशी जोडलेले. हे वनस्पतिसंग्रहालय १९०६ पासूनचं, एथेलबर्ट ब्लॅटर या स्विस येशूसंघीयाच्या कामातून उभं राहिलेलं. लाखाहून अधिक वाळवलेले नमुने तिथे आहेत. २०१९ मध्ये येशूसंघाने जगभरासाठी जे चार अग्रक्रम ठरवले त्यांत पृथ्वी या सामायिक घराची काळजी हा एक आहे. आता बघा, हा अग्रक्रम मुंबईत प्रत्यक्षात आणायला अधिक लायक कोण? पश्चिम घाटातली झाडं ओळखणारा हिंदू प्राध्यापक की वनस्पतींचा गंध नसलेला धर्मगुरू? ब्लॅटर यांना विचारलं असतं तर त्यांनी उत्तर द्यायला फार वेळ घेतला नसता, असा माझा अंदाज.

अर्थात नुसतं पद प्रापंचिकाला देऊन भागत नाही. पूर्वी नवा धर्मगुरू शाळेत यायचा तो वर्षानुवर्षांची घडण घेऊन. नवा शिक्षक बी.एड. करून येतो, आणि पहिल्याच आठवड्यात यू-डायसच्या नोंदी, शालार्थवरचं वेतन आणि निवडणुकीचं काम त्याच्या गळ्यात पडतं. ही शाळा का काढली, हे त्याला सांगायला कुणाला सवड नसते. जगभरच्या येशूसंघीय शाळांनी ही अडचण ओळखून १९८६ मध्ये आपल्या शिक्षणाची वैशिष्ट्यं एका दस्तऐवजात मांडली, १९९३ मध्ये वर्गात वापरता येईल अशी अध्यापनरीत दिली. संदर्भ, अनुभव, चिंतन, कृती आणि मूल्यमापन अशा तिच्या पाच पायऱ्या. २०१९ मध्ये शाळा ही जिवंत परंपरा आहे असं सांगणारा तिसरा दस्तऐवज आला. तिन्ही चांगले आहेत. पण बऱ्याच शाळांत ते प्राचार्यांच्या कपाटात असतात, आणि सुट्टीतल्या शिक्षक-प्रशिक्षणात सॉफ्टवेअर शिकवलं जातं. शिक्षकांच्या घडणीचे तास आणि त्यासाठीचा पैसा ज्या आराखड्यात दिसत नाही, त्याला वारशाची चिंता आहे यावर मी तरी विश्वास ठेवणार नाही.

गैरसमज : कलम ३० आहे, म्हणजे आम्ही मोकळे

हा शेवटचा, आणि यात बाहेरचे आणि आतले दोघेही फसतात. बाहेरच्यांना वाटतं, अल्पसंख्याक शाळांना कायदाच लागू नाही. आतल्यांना वाटतं, कायदा लागू नाही म्हणजे प्रश्नच मिटला.

कलम ३०(१) अल्पसंख्याकांना आपल्या पसंतीच्या शैक्षणिक संस्था स्थापण्याचा आणि चालवण्याचा अधिकार देतं. त्या अधिकाराच्या सीमा ज्या खटल्यांनी आखल्या त्यांतला एक अहमदाबादच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयाचाच, १९७४ चा. कारभार चालवण्याच्या अधिकारात गैरकारभाराचा अधिकार येत नाही, हे तत्त्व त्या निकालाने पुन्हा अधोरेखित केलं. शिक्षकांची पात्रता, सुरक्षा, अनुदानाचा हिशेब, संचमान्यता यांतून सुटका नाही. मात्र २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ‘प्रमती’ प्रकरणात ठरवलं की शिक्षणहक्क कायदा अल्पसंख्याक शाळांना लागू होत नाही. त्यामुळे दुर्बल घटकांसाठीच्या पंचवीस टक्के जागांची सक्तीही त्यांच्यावर नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये दोन न्यायमूर्तींच्या पीठाने या निकालाबद्दल शंका व्यक्त करून प्रश्न मोठ्या पीठाकडे जावा असं म्हटलं.

कायद्यावर वाद घालायला वकील आहेत. मला कुतूहल आहे ते वारसा याबद्दल काय सांगतो याचं. आणि इथे तो अगदी अडचणीत टाकणारं बोलतो.

येशूसंघाच्या मूळ नियमांनुसार शिक्षण विनामूल्य होतं. फी घ्यायची नाही, आणि महाविद्यालय उघडण्याआधी ते चालवण्यापुरता कायम निधी कुणीतरी उभा करून द्यायचा, अशी रीत होती. संघाच्या पुनरुज्जीवनानंतर ते जुने निधी कुठेच उरले नव्हते. नव्या शाळा चालेनात. तेव्हा १८३३ मध्ये पोप ग्रेगरी सोळावे यांनी फी घेण्याची सवलत दिली. नीट बघितलं तर आजची भरभक्कम फी ही त्या सवलतीची वंशज आहे, परंपरेची नाही. १९७३ मध्ये संघाचे तेव्हाचे प्रमुख पेद्रो आरुपे वॅलेन्सियात युरोपातल्या माजी विद्यार्थ्यांपुढे बोलले. आम्ही तुम्हाला न्यायासाठी घडवलं का, असा प्रश्न त्यांनी स्वतःलाच केला आणि प्रामाणिकपणे नाही असं उत्तर दिलं. समोर बसलेल्यांतले काही भाषण ऐकून रागावले. दुसऱ्यांसाठी जगणारी माणसं घडवायची, हे आज प्रत्येक येशूसंघीय शाळेच्या भिंतीवर दिसणारं सूत्र त्या भाषणातलं.

यावर शाळाचालकांचं म्हणणं असतं की अनुदान वेळेवर येत नाही, वेतनेतर अनुदान नावापुरतं, विनाअनुदानित तुकड्यांचे पगार फीतूनच भागवावे लागतात. हे खरं आहे. फी बंद करा असं कुणी शहाणा माणूस सुचवणार नाही. पण पूर्वीच्या रीतीचा दुसरा भाग, आधी निधी मग शाळा, आजही करण्याजोगा आहे. माजी विद्यार्थ्यांत क्रिकेटपटू आहेत, उद्योगपती आहेत, परदेशात स्थिरावलेली मंडळी आहेत. त्यांच्याकडे सभागृहासाठी पैसे मागितले जातात आणि ते देतातही, कारण सभागृहावर नाव कोरता येतं. घरकाम करणाऱ्या बाईच्या मुलीची दहा वर्षांची फी, तिचे बूट, सहल आणि शिकवणी यांसाठी उभारलेल्या कायम निधीवर नाव कोरलं तर ते फारसं कुणाला दिसत नाही. मागायचं मात्र त्यासाठीच आहे.

आणि प्रवेशाची बाब तर त्याहून सोपी आहे. मोठ्या पीठाचा निकाल शाळांच्या बाजूने लागला तरी पंचवीस टक्के जागा न देण्याची मुभा मिळेल, जागा देण्यावर बंदी येणार नाही. ज्युनियर केजीच्या पुढच्या जूनच्या यादीत वस्तीतली किती मुलं घ्यायची, हे व्यवस्थापन समिती आजच्या आज ठरवू शकते.